बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे ते आपल्याला झेपेलच का?

(बडोद्याहून आलेल्या पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत सासऱ्यांनी उभा केलेला आमचा कारखाना आहे, आता प्रायव्हेट लिमिटेड. ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि रेडिएटर बनवतो. मी बी.कॉम. आहे आणि कारखान्याचे हिशेब मीच सांभाळते. मार्चअखेर विक्री ९ कोटी ४० लाख झाली, त्यातली बरीचशी दोनच पार्ट्यांना. यजमानांना लेसर कटिंग मशीन घ्यायचं आहे. शेडसह खर्च ३ कोटी २० लाख. त्यापैकी २ कोटी ४० लाखांचं मुदतकर्ज बँकेने साडेदहा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी मंजूर केलं आहे. उरलेले ८० लाख जुना मोकळा प्लॉट विकून आले आहेत. दांडिया बाजारातलं राहतं घर तारण जाणार आहे आणि हमीदार म्हणून माझीही सही मागितली आहे. यजमान म्हणतात, "आपला नफा व्याजाच्या साडेतीन पट आहे, बँकेनेही पाहिलंय, घाबरायचं कशाला?" सासरे म्हणतात, कर्ज काढून धंदा वाढवणाऱ्यांची घरं मी विकलेली पाहिली आहेत. जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाटतं काहीतरी जुळत नाही, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. मी सून, सीएसुद्धा नाही. बोलू की गप्प बसू?

*

ताई, पत्रासोबत नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि कर्जाचं मंजुरीपत्र पाठवलंत, त्यामुळे मोघम धीर देण्याऐवजी तुमच्याच आकड्यांवर बोलता येईल. बँकेच्या कर्जविभागात मी बरीच वर्षं अशी पत्रकं वाचली आहेत. तुम्हाला जे जुळत नाही असं वाटतंय, ते खरोखरच जुळत नाही. पण त्यावरून मशीन घेऊच नये असं ठरत नाही.

आधी ते साडेतीन पट कुठून आलं ते पाहू. घसारा, व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा १ कोटी ८ लाख, व्याज ३१ लाख. भागाकार साडेतीनच्या जवळ येतो. यजमानांनी काही लपवलेलं नाही, कर्जासाठी बँकेला दिलेल्या सीएमए पत्रकातही, म्हणजे कंपनीच्या आकड्यांच्या तक्त्यातही, हाच आकडा असणार. मात्र त्या १ कोटी ८ लाखांत प्लॉट विकून झालेला १८ लाखांचा नफा धरलेला आहे. प्लॉट एकदाच विकला जातो, आणि पुढचं व्याज टाक्या विकूनच भरायचं आहे. तो काढला की ९० लाख राहतात.

आता व्याजाची बाजू. तुम्ही पाठवलेल्या खातेउताऱ्यात 'बँक चार्जेस'खाली ६ लाख रुपये बिल डिस्काउंटिंगचे आहेत. पार्टीकडून पैसे यायच्या आधी बिल बँकेला देऊन रक्कम उचलायची आणि त्यासाठी काही टक्के सोडायचे, हे नाव काहीही असलं तरी व्याजच आहे. म्हणजे खरं व्याज ३७ लाख. हे ६ लाख खर्चातून उचलून व्याजात नेले की नफ्याचा आकडाही तेवढाच वाढतो, ९६ लाख होतो. ही बाजू विसरू नका, नाहीतर यजमान पहिल्याच मिनिटाला तुमची चूक दाखवतील आणि पुढचं सगळं ऐकायचं राहून जाईल.

शेवटी घसारा, २२ लाख. पुष्कळ लोक म्हणतात की घसारा हा काही खिशातून जाणारा पैसा नाही, मग तो वजा कशाला करायचा? एखाद्या वर्षापुरतं ते बरोबर आहे. पण तुमचं वेल्डिंगचं सामान, प्रेस, क्रेन हे सगळं झिजतं आणि कधीतरी बदलावं लागतं. ती झीज न धरता व्याज किती पट निघतं ते मोजलं तर मशीनं मोडकळीला आलेला कारखानाही सुदृढ दिसतो. घसारा वजा केल्यावर ७४ लाख उरतात. ७४ भागिले ३७ म्हणजे बरोबर दोन पट.

साडेतीन आणि दोन या दोन्ही उत्तरांचं गणित चुकलेलं नाही. पण दोन्ही आकडे गेल्या वर्षाबद्दल बोलतात. नवं कर्ज त्यांत कुठेच नाही! तुमच्या घरातला वाद इथेच अडकला आहे. यजमान जुन्या कर्जाची ताकद दाखवून नव्या कर्जाची खात्री देत आहेत, आणि सासरे दुसऱ्यांच्या घरांचे दाखले देऊन तुमच्या घराचा निर्णय करत आहेत. पुढच्या वर्षाचा हिशेब अजून कोणी केलेला नाही. तो तुम्ही करा.

नव्या कर्जाचं पूर्ण वर्षाचं व्याज साधारण २५ लाख, म्हणजे एकूण ६२ लाख. नव्या मशीन-शेडचा घसारा वर्षाला सुमारे २० लाख. यजमानांच्या अंदाजाप्रमाणे मशीन पूर्ण चाललं तर वर्षाला ८० लाखांचा जादा नफा देईल. तसं झालं तर घसारा जाऊन १ कोटी ३४ लाख उरतात आणि व्याज दोन पटींहून थोडं जास्त निघतं. मशीनला निम्मंच काम मिळालं तर ९४ लाख, म्हणजे दीड पट. काहीच काम मिळालं नाही तर ५४ लाख, आणि त्यातून व्याजसुद्धा पूर्ण निघत नाही.

इथवर फक्त व्याज आलं. मुद्दल अजून यायचं आहे. व्याज किती पट निघतं हे गुणोत्तर मुद्दलाबद्दल काहीच सांगत नाही, आणि घराघरांतल्या चर्चेत नेमकं तेच निसटतं. २ कोटी ४० लाख पाच वर्षांत फेडायचे म्हणजे महिन्याला ४ लाख, वर्षाला ४८ लाख. जुन्या मुदतकर्जाचे २० लाख चालूच आहेत. व्याज ६२ आणि मुद्दल ६८, मिळून वर्षाला १ कोटी ३० लाख बँकेत जायला हवेत. समोर पैसा किती येतो? इथे घसारा वजा करायचा नाही, कारण आता खरोखर हातात येणारी रक्कम मोजायची आहे, पण आयकर वजा करायचा. मशीन पूर्ण चाललं तर कर जाऊन सुमारे १ कोटी ५८ लाख येतात, म्हणजे लागणाऱ्या रकमेच्या १.२ पट. निम्मं चाललं तर १ कोटी २८ लाख, म्हणजे दोन लाख कमीच. मशीन रिकामं राहिलं तर ३४ लाखांची तूट. बँका याला डीएससीआर म्हणतात आणि कर्जाच्या सगळ्या वर्षांची सरासरी दीडच्या आसपास असावी अशी त्यांची साधारण अपेक्षा असते. तुमची सगळ्यात चांगली शक्यतासुद्धा १.२ वर थांबते आहे.

मग बँकेने मंजूर कसं केलं? कारण बँकेच्या जोखमीची भरपाई करायला तुमचं घर आहे. हे मी बँकेला नावं ठेवायला म्हणत नाही, तिने आपल्या ठेवीदारांचे पैसे सांभाळलेच पाहिजेत. पण 'बँकेने पाहिलंय' हे वाक्य तुमच्या घरात जरा जास्तच भार उचलतंय. आपलं कर्ज सुटेल की नाही हे बँकेने पाहिलं. ते सोडवताना तुमच्यावर काय येईल ते पाहणं तुमच्याकडेच आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि तेवढ्यात रक्कम भरली नाही तर तारण घर ताब्यात घेण्याची कारवाई बँकेला सुरू करता येते.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे तुमच्या उघराणीची. नफ्यापेक्षाही तिची. तुमची बिलं सरासरी १२० दिवसांनी वसूल होतात. विक्री दिवसाला सुमारे २ लाख ५८ हजारांची. यातल्या मोठ्या पार्टीने एखाद्या वर्षी १५० दिवस लावायला सुरुवात केली आणि दुसरीनेही तिचाच कित्ता गिरवला, तर तीस दिवसांचे सुमारे ७७ लाख आणखी अडकतील. तुमच्या सीसीची, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी रक्कम उचलायच्या कॅश क्रेडिट खात्याची, मर्यादा २ कोटींची आहे आणि त्यातले १ कोटी ८० लाख कायम उचललेले असतात. म्हणजे हात मोकळा फक्त २० लाखांपुरता. अशा वर्षी नफातोटा पत्रकात नफा छान दिसेल, व्याज दोन पट निघतंय असं सीए सांगतील, आणि ७ तारखेचा हप्ता मात्र भरता येणार नाही. चांगला चाललेला कारखाना बुडतो तो बहुतेक वेळा असा. माल आणि येणे बाकी दाखवणारं दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला तुम्हीच भरता, तेव्हा ही तंगी पहिल्यांदा तुम्हालाच दिसेल. आणि सीसी ही दरवर्षी नूतनीकरणाच्या भरवशावर चालते, ती आपली कायमची पुंजी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

याची दुसरी बाजू अशी की उपायही तिथेच आहे. उघराणी १२० वरून ९० दिवसांवर आली तर तेच ७७ लाख मोकळे होतात, सीसीवरचं वर्षाला आठ लाखांच्या आसपास व्याज वाचतं आणि अडचणीच्या महिन्यासाठी जागा राहते. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दोनच पार्ट्यांवर धंदा चालतो तेव्हा असं व्याज मागणं जड जातं, ते मी समजू शकते. पण आयकर कायद्यात आलेल्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्या पार्टीला खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चच्या आधी त्यांचेच अकाउंट्सवाले उद्यम प्रमाणपत्र मागतात. ते मागण्याची वाट न पाहता प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि जानेवारीतच येणे रकमांची यादी पाठवा. हे करताना भांडण करावं लागत नाही.

व्याजदर बदलता असतो, तोही ताणून पाहा. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला. नव्यासह तुमचं बँकेचं कर्ज पाच कोटींच्या जवळ जाईल. तसे अडीच टक्के पुन्हा वाढले तर वर्षाला बारा लाख जादा, म्हणजे तीन हप्त्यांच्या मुद्दलाइतके.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे, ती मला महत्त्वाची वाटते. नणंदांचे आणि मामेसासऱ्यांचे मिळून ५० लाख कंपनीत नऊ टक्क्यांनी आहेत. मंजुरीपत्रातल्या अटी पुन्हा वाचा. मुदतकर्ज फिटेपर्यंत नातेवाइकांची बिनतारण कर्जं परत करायची नाहीत, अशी अट त्यात आहे. बँका ती सर्रास घालतात. हे नणंदांना कोणी सांगितलंय का? दोन वर्षांनी एखाद्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, तिने आपले पैसे मागितले आणि 'बँक देऊ देत नाही' असं उत्तर मिळालं, तर ताळेबंदाला काही होणार नाही, पण माहेरपण मोडेल. सही होण्याआधी त्यांना विचारलंच पाहिजे.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांची भीती खरी आहे, तिचा मान ठेवा. पण कर्ज म्हणजे नाश, हे मलाही मान्य नाही. उद्योगधंद्याला भांडवल मिळावं म्हणूनच तर सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये बडोद्यात बँक काढली. शिवाय मशीन न घेण्यालाही किंमत आहे. पार्ट्या अचूक कापाच्या टाक्या मागू लागल्या आहेत आणि तुम्ही पत्रा बाहेरून कापून आणता, असं तुम्हीच लिहिलंय. कापणारा उद्या स्वतःच टाक्या बनवू लागला तर? यजमानांची घाई अगदीच निराधार नाही.

म्हणून मी 'घ्या' किंवा 'नको' असं न म्हणता कर्जाचं रूप बदलता येईल का ते पाहीन. सगळ्यात सोपं म्हणजे मुदत. तेच कर्ज सात वर्षांचं केलं तर नव्या कर्जाचं मुद्दल वर्षाला ४८ ऐवजी ३४ लाखांवर येतं. मशीन निम्मं चाललं तरी लागणाऱ्या रकमेच्या १.१ पट पैसा येतो, पूर्ण चाललं तर १.३६ पट. एकूण व्याज जास्त जाईल, हे खरं. पण तुमच्यासारख्या दोन पार्ट्यांवर उभ्या असलेल्या कारखान्याने स्वस्ताईपेक्षा मोकळा श्वास निवडावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जास्तीचं व्याज पुढे चांगल्या वर्षी मुदतपूर्व फेड करून कमी करता येतं, चुकलेला हप्ता मात्र खात्याच्या इतिहासात राहतो. मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, ते मंजुरीपत्रात पाहा आणि असेल तर तो काढून घेण्याचा आग्रह धरा. मुद्दलाला सहा महिन्यांची सवलत दिलेली दिसते. शेड आणि वीजजोडणीला तेवढा वेळ सहज जातो, म्हणून बारा महिने मागा. त्या काळातही व्याज भरावंच लागतं, ते कुठून भरायचं हेही लिहून ठेवा.

दुसरं, घर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणारी सीजीटीएमएसई योजना आहे, तिची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत वाढली आहे. बँक तुमचं कर्ज या योजनेत घ्यायला तयार आहे का, हे विचारा. त्यासाठी दरवर्षी हमीशुल्क द्यावं लागतं, ते व्याजातच मिळवून वरचा हिशेब पुन्हा करा. माझ्या मते राहतं घर मोकळं राहण्यासाठी तो खर्च करण्याजोगा आहे. बँकेचे साहेब 'तारण दिलं तर दर कमी लावतो' म्हणतील. किती कमी, ते लेखी मागा आणि रुपयांत मोजा.

आणि प्लॉटचे ते ८० लाख. एवढी सगळी रक्कम मशीनमध्ये घातल्यावर कंपनीकडे अडीअडचणीला काय राहतं? यजमानांना हे जरूर विचारा. लहान क्षमतेचं मशीन घेतलं आणि यातले पंचवीस-तीस लाख बाजूला ठेवले, तर तेवढ्यात कुठलीही पार्टी महिनाभर लटकली तरी हप्ते जातील. काही महिने जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून पत्रा कापून आणल्याच्या, बिलांवरून कापाईचं काम खरंच किती आहे हेही मोजा. ती बिलं टॅलीत तुमच्याच हातून चढलेली आहेत. ८० लाखांच्या जादा नफ्याच्या अंदाजामागे पार्ट्यांच्या लेखी मागण्या किती आणि तोंडी आश्वासनं किती, हे त्यावरून दिसेल.

दुसऱ्या कोणाच्या कंपनीत ठेव ठेवणाऱ्या किंवा शेअर घेणाऱ्या वाचकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. वार्षिक अहवालात 'फायनान्स कॉस्ट' या शीर्षकाची टीप उघडा. त्यात बँकेचं व्याज, भाडेपट्ट्यावरचं व्याज, इतर शुल्क वेगवेगळं दिलेलं असतं. मोठे प्रकल्प उभे राहत असताना त्यांच्या कर्जावरचं व्याज खर्चात न टाकता मालमत्तेच्या किमतीत धरता येतं, त्यामुळे खर्चातला आकडा लहान दिसतो. रोखप्रवाह पत्रकात प्रत्यक्ष भरलेलं व्याज असतं, ते त्याशेजारी ठेवून पाहा. नफ्यातून 'इतर उत्पन्न' वेगळं काढा. नफा व्याजाच्या किती पट आहे हे एकाच वर्षापुरतं पाहू नका, मधलं एखादं वाईट वर्ष शोधा आणि त्या वर्षी किती पट होता ते पाहा. दीडच्या खाली असेल तर मी सावध होते, एकच्या खाली असेल तर व्याज भरायला नवं कर्ज किंवा जुनी मालमत्ता लागते आहे असं समजते. हा निकष धंद्याप्रमाणे बदलतो. ज्यांची वसुली दर महिन्याला ठरलेली असते त्यांना कमी पट चालते, ज्यांचा माल मागणीप्रमाणे वर-खाली होतो त्यांना जास्त लागते. आणि लेखापरीक्षकांच्या अहवालाच्या परिशिष्टात कंपनीने कर्जाचा हप्ता किंवा व्याज चुकवलं असल्यास त्याची नोंद असते. ती दोन ओळींची असते, पण नक्की वाचा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. बोलू की गप्प बसू? ताई, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तुमची सही मागितली त्या क्षणी तुम्ही 'हिशेब बघणारी सून' राहिला नाहीत. सीए नसल्यानेही अडत नाही. वरच्या सगळ्या हिशेबाला बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यापलीकडे काही लागलेलं नाही, आणि प्रत्येक आकडा तुमच्याच वह्यांतला आहे.

मात्र जेवणाच्या ताटावर हे काढू नका, आणि साडेतीन चूक, दोन बरोबर अशी सुरुवातही करू नका. कारखाना बंद असतो त्या दिवशी एका कागदावर तीन ओळी लिहा: मशीन पूर्ण चाललं, निम्मं चाललं, चाललंच नाही. खाली चौथी ओळ, उघराणी तीस दिवस लांबली तर. तोच कागद पाच आणि सात वर्षांसाठी. आधी तो यजमानांना एकट्याला दाखवा, वडिलांसमोर त्यांना खाली पाहायला लागू नये. त्यांनी एखादा आकडा बदलला तर बदलू द्या, त्यांना कारखान्यातल्या प्रत्यक्ष कामाचं तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग दोघं मिळून सासऱ्यांकडे जा आणि त्यांना एकच विचारा: कारखाना उभा करताना सगळ्यात वाईट वर्षी किती दिवस पैसे अडकले होते? त्यांच्याकडे त्या वर्षाचा आकडा असेल, तो चौथ्या ओळीत भरा. त्या ओळीत हप्ता भरूनही महिन्याचे पगार निघत असतील तर सही करा. निघत नसतील तर बँकेकडून सात वर्षांचं आणि घर मोकळं ठेवणारं सुधारित मंजुरीपत्र येईपर्यंत पेन उचलू नका. मंजुरी किती दिवस वैध आहे ते पत्राच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. ती मुदत वाढवून मागणारा अर्ज आजच द्या, म्हणजे घाईत सही करायची वेळ येणार नाही.